वनहक्काचा पट्टा मिळाला. आता जंगल सांभाळायचे कसे?

सामूहिक वनहक्काचे अधिकारपत्र गावात येते तेव्हा ढोल वाजतात, साहेबांसोबत फोटो निघतात, आणि आठवडाभरात ते अधिकारपत्र कोणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत जाऊन पडते. आमच्याकडेही हेच झाले. दावा कसा भरायचा, पुरावे कोणते जोडायचे, हे सांगणारे पुष्कळ लोक आम्हाला भेटले होते. पण मिळालेल्या जंगलाचे दुसऱ्या दिवसापासून काय करायचे, हे सांगणारा एकही भेटला नाही. पहिली दोन वर्षे आमची चाचपडण्यात गेली. तुमची जाऊ नयेत, म्हणून हे लिहीत आहे.

हा लेख महाराष्ट्रातील अशा ग्रामसभांसाठी आहे, ज्यांना २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(आय) खाली सामूहिक वनसंसाधनावरील हक्क मान्य झाला आहे. या कलमाने गावाला आपल्या पारंपरिक हद्दीतील जंगलाचे संरक्षण, पुनर्निर्मिती, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. ही जमिनीची मालकी नाही, तर निर्णय घेण्याचा अधिकार आहे, आणि हा फरक आधीच नीट समजून घेतलेला बरा. जंगल गावाने सांभाळायचे असले, तरी त्याच जंगलात वनविभाग, महसूल खाते, शेजारची गावे, व्यापारी आणि जिल्ह्याच्या समित्या यांचाही काही ना काही संबंध येतो. कोणाचे काम कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे ठरवण्यातच व्यवस्थापनाचा मोठा भाग खर्ची पडतो.

आधी जमवायची कागदपत्रे आणि साधने

एक जाड फाईल आणि एक कपाट यांची सोय आधी करा. त्यात पुढील गोष्टी असाव्यात:

- अधिकारपत्राची मूळ प्रत (सामूहिक वनसंसाधनासाठी परिशिष्ट ४ चा नमुना असतो) आणि तिच्या किमान पाच झेरॉक्स प्रती
- दाव्याची संपूर्ण फाईल: नमुना ‘क’, पुरावे, स्थळपाहणीचा अहवाल, वनहक्क समितीचे ठराव
- गावनकाशा आणि वनविभागाचा कक्ष क्रमांक (कक्ष म्हणजे वनविभागाने पाडलेला जंगलाचा भाग) दाखवणारा नकाशा
- निस्तारपत्रक (गावाच्या जंगलवापराची जुनी सरकारी नोंद) किंवा वाजिबुल अर्ज (गावाच्या रूढी-हक्कांची जुनी नोंद) यांची नक्कल, जिथे उपलब्ध असेल तिथे
- कायदा, २००८ चे नियम आणि २०१२ ची नियमदुरुस्ती यांची मराठी प्रत
- ग्रामसभेचे स्वतंत्र इतिवृत्त रजिस्टर, आवक-जावक रजिस्टर, रोकडवही, पावतीपुस्तक
- ग्रामसभेच्या नावाचे पॅन कार्ड आणि बँक खाते
- जीपीएस असलेला मोबाइल, मोजपट्टी, दोरी, रंगाचा डबा

निस्तारपत्रकाकडे लोक जुना कागद म्हणून दुर्लक्ष करतात. शेजारच्या गावाशी हद्दीचा किंवा चराईचा वाद निघाला, की सर्वात आधी तोच कागद कामाला येतो.

१. अधिकारपत्र ओळ न् ओळ वाचा

वाचायला सांगणे हास्यास्पद वाटेल, पण आमच्या अधिकारपत्रावर एका कक्षाचा क्रमांकच चुकला होता आणि ते आमच्या लक्षात यायला चौदा महिने लागले. ग्रामसभेत ते मोठ्याने वाचा. कक्ष क्रमांक, गट क्रमांक, हेक्टरमधील क्षेत्र, चतुःसीमा आणि सोबतचा नकाशा यांचा एकमेकांशी मेळ बसतो का, हे तपासा. दाव्यात मागितलेले क्षेत्र आणि मंजूर झालेले क्षेत्र यांत तफावत असेल, तर ती का आहे याचे लेखी कारण मागण्याचा ग्रामसभेला अधिकार आहे. दाव्यांची छाननी करणाऱ्या उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागण्यासाठी ६० दिवसांची मुदत असते, म्हणून पत्र हातात पडल्याची तारीख आवक रजिस्टरमध्ये त्याच दिवशी नोंदवा.

एक सापळा इथे नेहमी असतो. काही अधिकारपत्रांवर ‘वनविभागाच्या कार्य आयोजनेच्या अधीन राहून’ अशा प्रकारच्या जादा अटी टाकलेल्या आढळतात (कार्य आयोजना म्हणजे वनविभागाचा जंगलातील कामांचा आराखडा). परिशिष्ट ४ च्या नमुन्यातच असे म्हटले आहे, की कायदा आणि नियम यांत असलेल्या अटींखेरीज अन्य कोणतीही अट या हक्कावर लादलेली नाही. तशी अट दिसल्यास भांडत बसू नका. ठराव करा आणि नमुन्याची प्रत जोडून दुरुस्तीची लेखी मागणी करा.

२. समिती नेमा, पण निर्णय ग्रामसभेतच ठेवा

नियम ४(१)(ई) नुसार ग्रामसभेने आपल्या सदस्यांमधून वन्यजीव, वन आणि जैवविविधता यांच्या संरक्षणासाठी समिती नेमायची असते. व्यवस्थापनाचा आराखडा हीच समिती तयार करते. दावे तयार करणारी १० ते १५ जणांची वनहक्क समिती वेगळी आणि ही समिती वेगळी, हे लोकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. या दुसऱ्या समितीची सदस्यसंख्या नियमात बांधून दिलेली नाही, म्हणून तुमच्या गावाला शोभेल तेवढी ठेवा. आमच्याकडे अकरा जण आहेत. आधी सतरा होते आणि बैठकीला कधी सहाच्या वर आले नाहीत.

समितीत कोण असावे, याबाबत माझे मत ठाम आहे. जे जंगलात रोज जातात ते हवेत, जे सभेत चांगले बोलतात ते नंतर. सरपण आणणाऱ्या बाया, गुराखी, मध काढणारे, बांबूकाम करणारे, वैदू यांना जंगलातील बदल आधी दिसतात. स्त्रियांची नावे फक्त यादीत ठेवून बैठक रात्री नऊला बोलावली, तर त्या येणार नाहीत, आणि मग सरपणाचा नियम अशा पुरुषांकडून ठरेल ज्यांनी सरपणाची मोळी कधी डोक्यावर घेतलेली नाही.

ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण सदस्यांपैकी किमान निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांपैकी किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. वाहतूक परवाने, उत्पन्नाचा वापर आणि आराखड्यातील बदल या तिन्हींबाबत समितीने घेतलेले निर्णय ग्रामसभेने मंजूर करायचे असतात. म्हणून कोऱ्या पानावर सह्या गोळा करून ‘मजकूर नंतर लिहू’ असे म्हणणाऱ्या माणसाला, तो कितीही जवळचा असला तरी, नकार द्या. पुढे ऑडिट किंवा तक्रार झाली, की रजिस्टरमधील तेच पान पुढे येते.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषय चर्चून घेण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालवली. सर्वसहमतीला वेळ लागतो, हे खरे. परंतु जंगलाचा नियम मोडायला एकच नाराज माणूस पुरेसा असतो, त्यामुळे तो वेळ आधी दिलेला परवडतो.

३. हद्द पायांनी चाला

नकाशावरची रेघ आणि जमिनीवरची हद्द यांत फरक असतो. हिवाळ्यात, गवत बसल्यावर, दोन-तीन दिवस काढून संपूर्ण हद्द चाला. सोबत गावातील दोन-तीन जुनी माणसे, दोन-तीन शाळा शिकलेली मुले, वनरक्षक, आणि ज्या बाजूची हद्द असेल त्या बाजूच्या गावाची माणसे असू द्या. प्रत्येक वळणावर जीपीएसचा बिंदू घ्या, तिथल्या खुणेचे स्थानिक नाव लिहा आणि झाडाला किंवा दगडाला रंग लावा. ‘नाल्याच्या काठचा मोठा येन’ (ऐनाचे झाड) ही खूण कागदावर आली, तर ती अक्षांश-रेखांशापेक्षा गावाला जास्त उपयोगी पडते, दोन्ही लिहा.

शेजारच्या गावाला कळवल्याशिवाय हद्द चालू नका. आम्ही पहिल्या वेळी आपल्याआपणच फिरलो आणि रंग लावून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे रंग खरवडलेले होते, आणि त्यानंतर त्या गावाशी बोलणे सुरू व्हायला एक पावसाळा जावा लागला. हद्दीवर मतभेद असल्यास दोन्ही ग्रामसभांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून तो सोडवावा, आणि न सुटल्यास उपविभागीय समितीकडे पाठवावा, अशी तरतूद नियमांतच आहे. दुसरे असे, की तुमच्या हद्दीतील जंगलातून शेजारचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सरपण किंवा पाला नेत असतील, तर तुम्हाला पट्टा मिळाल्यामुळे त्यांचा वापर एका रात्रीत चोरी ठरत नाही. त्यांच्या वापराची नोंद करा. पुढे नियम करताना ती लागेल.

४. जंगलात काय आहे आणि कोणाचे काय अडते, हे एकत्र मांडा

इथे बहुतेक गावे झाडांची यादी करून थांबतात. यादी हवीच, पण ती अर्धी बाजू झाली. दोन रकाने करा. एकात जंगलाची अवस्था: कोणत्या भागात मोह, तेंदू, चार (चारोळीचे झाड), आवळा, बेहडा, हिरडा किती, रोपे उगवतात का, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, रायमुनियाने (घाणेरीने) कोणता भाग व्यापला, दरवर्षी आग कुठून लागते. दुसऱ्यात माणसांची अवस्था: कोणत्या घराला शेती नाही, कोणाचे वर्षातील किती महिने वनोपजावर चालतात, कोणाकडे शेळ्या आहेत, सरपणासाठी किती चालावे लागते, कोणत्या पाड्यावर उन्हाळ्यात पाणी नसते.

हे दोन्ही रकाने शेजारी ठेवले, की जे दिसते ते वेगवेगळे पाहून कधीच दिसत नाही. आमच्या जंगलाचा सर्वात विरळ भाग हा भूमिहीन घरांच्या सर्वात जवळचा भाग होता. त्याचे कारण ती माणसे बेफिकीर होती हे नव्हते. दूर जाण्याइतका वेळच त्यांच्याकडे नव्हता. त्या भागावर बंदी घालून काही साधले नसते, म्हणून आम्ही आधी सरपणाची दुसरी सोय शोधली.

मोजणीसाठी मोठे शास्त्र लागत नाही. प्रत्येक प्रकारच्या जंगलात दोरीने १० मीटर बाय १० मीटरचे काही चौकोन आखा, कोपऱ्यांना कायमच्या खुणा करा, आतील मोठी झाडे, मधली झाडे आणि रोपे वेगवेगळी मोजा. मोठ्या झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घ्यायचा, हा वनमोजणीतील नेहमीचा संकेत आहे. तोच पाळल्यास तुमचे आकडे वनविभागाच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात.

५. नियम थोडे करा आणि पाळता येतील असेच करा

आमचा पहिला नियम होता संपूर्ण जंगलात चराईबंदी. टाळ्यांच्या गजरात ठराव झाला आणि तीन आठवड्यांत मोडला. मोडणारे शेळीवाले होते. त्यांच्याकडे दुसरे काहीच नव्हते, आणि बंदीची शिक्षा फक्त त्यांनाच बसत होती. नंतर आम्ही जंगलाचे चार भाग केले, त्यांतील एकच भाग पाळीपाळीने बंद ठेवला, आणि कोणता भाग केव्हा बंद करायचा हे गुराख्यांनाच ठरवू दिले. हा नियम आजतागायत टिकून आहे.

तेव्हापासून कोणताही नियम लिहिताना आम्ही चार गोष्टी विचारतो. जागा कोणती? काळ कोणता? कोणाला लागू? आणि मोडल्यास काय? या चारांपैकी एकाचेही उत्तर गुळमुळीत असेल, तर तो नियम लिहायचा नाही. त्यानंतर पाचवी गोष्ट: या नियमाने सर्वात जास्त नुकसान कोणाचे होणार, आणि त्याची भरपाई कशी करायची?

काही नियम जवळजवळ प्रत्येक गावाला लागतील. मोहफुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची सवय हे वणव्याचे मोठे कारण आहे. जाळण्याऐवजी पाला झाडून बाजूला करणे किंवा झाडाखाली जुनी लुगडी, जाळी अंथरणे हा उपाय सोपा आहे, पण तो मोह फुलण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीतच घराघरांत सांगून ठेवावा लागतो. चारोळीबाबत तर स्पर्धाच नाश करते: शेजाऱ्याने आधी तोडू नये म्हणून प्रत्येक जण कच्चे फळ ओरबाडतो, त्यामुळे भाव पडतो आणि बीही वाया जाते. इथे एकच नियम पुरे होतो: ग्रामसभेने ठरवलेल्या तारखेपूर्वी कोणीही चार तोडायचा नाही, आणि फांदी कापून तर कधीच नाही. बांबूच्या रांजीतील (बेटातील) त्याच वर्षीचे कोवळे वास्ते (कोंब) तोडू नयेत, पावसाळ्यात तोड बंद ठेवावी, आणि रांजी संपूर्ण साफ करू नये. मध काढताना पोळ्याचा अंडी-अळ्यांचा भाग शाबूत ठेवावा. शिकारीचा हक्क या कायद्याने दिलेला नाही, हेही नियमांच्या पहिल्याच पानावर लिहा. एखाद्या सशासाठी सारा गाव अडचणीत आलेला चांगला नव्हे.

कधीकधी गाव उत्पन्न सोडण्याचाही निर्णय घेते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १००० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, आणि बांबूतून रोजगार उभा राहिल्यावर त्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणे बंद केले, कारण पानांसाठी होणारी छाटणी आणि आगी झाडांना मारक ठरत होत्या आणि तेंदूची फळे मिळत नव्हती. तुम्ही हेच करावे असे मी म्हणणार नाही. आमच्यासारख्या गावात तेंदूच्या पंधरा दिवसांच्या मजुरीवर बियाण्याचा खर्च निघतो. मात्र आधी बांबू, मग तेंदूबंदी हा पाचगावचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

चोर पकडल्यावर काय करायचे, हेही आधी ठरवा. मारहाण करू नका, साहित्य परस्पर वाटून घेऊ नका. पंचनामा करा, फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, आणि गावातील माणसाकडून दंड घेतल्यास पावती फाडा.

६. आराखडा छोटा आणि स्वतःच्या भाषेत लिहा

बाहेरच्या एका संस्थेने आम्हाला एकदा दीडशे पानांचा आराखडा करून दिला. त्यात पर्जन्यमानाचे तक्ते होते, रंगीत नकाशे होते, आणि आमच्या जंगलात नसलेल्या चार झाडांची नावेही होती. तो कोणी वाचला नाही. आत्ताचा आमचा आराखडा बावीस पानांचा आहे आणि समितीतील प्रत्येकाला तो सांगता येतो.

आराखड्यात हद्दीचा नकाशा, जंगलाचे भाग, प्रत्येक भागाचे नियम, येत्या तीन ते पाच वर्षांतील कामे, प्रत्येक कामाचा जबाबदार माणूस, खर्च आणि मोजणीची पद्धत एवढे असावे. जंगलाचे भाग पाडताना देवराया, पाणवठे, नाल्यांचे उगम आणि तीव्र उतार हे सर्वात आधी बाजूला काढा, कारण कलम ५ नुसार पाणलोट, जलस्रोत आणि नाजूक क्षेत्रे यांचे रक्षण ही ग्रामसभेची जबाबदारीच आहे. एक किरकोळ वाटणारी सूचना: या भागाला ‘राखीव’ म्हणू नका. ‘राखीव वन’ या शब्दाला कायद्यात वेगळाच अर्थ आहे आणि पत्रव्यवहारात त्यावरून अकारण घोळ होतो. आम्ही ‘न तोडण्याचा भाग’ असे लिहितो.

कामे लिहिताना रोपलागवडीचा मोह आवरा. खड्डे, रोपे, कुंपण हे सगळे फोटोत चांगले दिसते. पण जिवंत खोडे आणि बी शिल्लक असलेल्या जंगलाला आग आणि चराईपासून तीन-चार वर्षे वाचवले, तर बरेचसे जंगल आपोआप उभे राहते. जिथे खडक उघडा पडला आहे आणि बीच उरलेले नाही, तिथे आधी दगडी बांध आणि चर, मग लागवड. रायमुनिया काढताना नुसती वरून छाटू नका, ती पुन्हा दाट फुटते. मुळाच्या गड्ड्याखाली कुदळ घालून उपटा, आणि मोकळ्या झालेल्या जागी गवताचे बी टाका.

७. कोणत्या पातळीकडे काय मागायचे, ते ठरवा

जंगल सांभाळणे हे एकट्या गावाचे काम नाही, असे सगळेच म्हणतात. मग निवेदन लिहिताना सगळ्यांकडे सगळेच मागितले जाते आणि कोणाकडूनच काही मिळत नाही. आम्ही एक तक्ता भिंतीवर लावला आहे. त्याचा गाभा असा आहे.

पाडा किंवा टोला: गस्तीच्या पाळ्या, पाणवठ्याची साफसफाई, आग लागल्यास पहिली धाव. हे ग्रामसभेने वरून ठरवू नये, टोल्यालाच ठरवू द्यावे.

शेजारच्या ग्रामसभा: सामाईक हद्दीवरील जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा), एकाच नाल्यावरील बांध, चराईच्या तारखा, आणि वनोपजाची एकत्रित विक्री. गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. व्यापाऱ्यापुढे एक गाव उभे राहिले तर भाव तो सांगतो. पुष्कळ गावे एकत्र लिलाव करू लागली, की त्याला विचारावे लागते. महाग्रामसभेने गावाच्या जंगलाचे नियम मात्र ठरवू नयेत, हे तिच्या पहिल्याच ठरावात लिहून घ्या.

वनविभाग: नियमांप्रमाणे गावाचा आराखडा वनविभागाच्या कार्य आयोजनेशी जोडायचा असतो, आणि तो जोडताना आवश्यक ते फेरफार ठरवण्याचे काम गावाच्या समितीकडे आहे. म्हणून तुमच्या कक्षांपुरता कार्य आयोजनेचा भाग लेखी मागून घ्या आणि येत्या वर्षांत तिथे एखादा कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) तोडीला येतो आहे का, ते पाहा. वनरक्षक आणि वनपाल यांच्याकडे जुन्या लागवडींच्या नोंदी असतात, रोपांची ओळख असते. आमचे एक वनपाल पहिल्या बैठकीत पाठ फिरवून बसले होते. पुढे जाळरेषा कुठून काढायची हे त्यांनीच दाखवले. संयुक्त वनव्यवस्थापनाची (वनविभाग आणि गाव यांनी मिळून चालवलेली) जुनी समिती गावात असल्यास तिचे खाते, शिल्लक आणि कामे यांचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडायला सांगा. एकाच जंगलावर दोन समित्या राहिल्या, की जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

ग्रामपंचायत: ग्रामपंचायत अनेक गावांची असू शकते, ग्रामसभा तुमच्या गावाची आहे. जैवविविधता व्यवस्थापन समिती २००२ च्या कायद्याखाली ग्रामपंचायतीच्या पातळीवर असते. तिची लोकजैवविविधता नोंदवही तयार असल्यास तुमचे निम्मे सर्वेक्षण त्यात सापडेल. ग्रामसेवकांशी संबंध चांगले ठेवा, पण वनहक्काचे इतिवृत्त स्वतंत्र ठेवा.

उपविभाग आणि जिल्हा: हद्दीचे वाद, अधिकारपत्रातील दुरुस्ती आणि अधिकार अभिलेखातील (जमिनीच्या सरकारी दप्तरातील) नोंद यांसाठी प्रांताधिकारी आणि जिल्हाधिकारी. हक्क मान्य झालेल्या समुदायांना शासनाच्या सर्व विभागांच्या योजनांचा लाभ मिळेल, हे पाहण्याची जबाबदारी नियम १६ ने राज्य शासनावर टाकली आहे. जिल्ह्यातील अभिसरण समितीपुढे (वेगवेगळ्या विभागांच्या योजना एकत्र आणणाऱ्या समितीपुढे) जाताना ‘आमच्या गावाचा विकास करा’ असे पत्र नेऊ नका. आराखड्यातील काम, जागा, कक्ष क्रमांक, अंदाजे मजूरदिवस आणि कोणत्या योजनेत बसते, एवढे एका पानावर न्या. रोजगार हमीतून बांध-बंदिस्ती, आदिवासी विकास विभागाकडून प्रशिक्षण व साठवणूक, कृषी विभागाकडून मृद्संधारण, अशी विभागणी करून मागितल्यास हो किंवा नाही असे उत्तर तरी मिळते.

राज्य: कायद्याखालील एखाद्या अधिकाऱ्याने किंवा समितीने कायदा मोडल्यास ग्रामसभा ठराव करून राज्यस्तरीय सनियंत्रण समितीला किमान ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. हे शस्त्र शेवटचे आहे. आम्ही ते एकदाच काढले, आणि मसुदा पाठवल्यावरच काम झाले.

वरून खाली येणाऱ्या मदतीचे एक चांगले उदाहरण आगीचे आहे. भारतीय वन सर्वेक्षण ही देहरादूनची संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीचे संदेश मोबाइलवर पाठवते आणि त्यासाठी कोणालाही नोंदणी करता येते. समितीतील दोघातिघांची नोंदणी करा. संदेश कधी उशिरा येतो आणि लहान आग त्यात सुटते, म्हणून टोल्यावरची गस्त काही बंद करता येत नाही.

८. विक्री, परवाना आणि हिशेब

गौण वनोपज गोळा करणे, त्यावर प्रक्रिया करणे, ते वाहून नेणे आणि विकणे हा हक्क कायद्याने दिला आहे आणि कायद्याच्या व्याख्येप्रमाणे बांबू हे गौण वनोपजच आहे. वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती देते. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत मेंढा (लेखा) ग्रामसभेकडे बांबूचे परवानापुस्तक सोपवले गेले, तेव्हा त्या गावाला पट्टा मिळून दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. तुम्हाला आज इतके थांबावे लागणार नाही, पण पहिल्या गाडीपूर्वी परवान्याचा नमुना आणि सही करणाऱ्याचे नाव ठरावासह वनक्षेत्रपाल आणि पोलीस ठाणे यांना कळवा. नाक्यावर अडलेली गाडी सोडवण्यापेक्षा हे सोपे आहे.

ठेकेदाराकडून उचल घेऊ नका. उचल घेतली, की भाव ठरवताना तुमचे तोंड बंद होते. करार लेखी करा, त्यात मजुरी, स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) आणि पैसे देण्याच्या तारखा वेगवेगळ्या लिहा, आणि पैसे फक्त ग्रामसभेच्या खात्यात घ्या. पॅन नसल्यास करकपातीचा घोळ वर्षभर निस्तरावा लागतो. उत्पन्नातील किती वाटा जंगलाच्या कामासाठी, किती गावाच्या अडीअडचणीसाठी आणि किती घरटी वाटायचा, हे हंगामापूर्वी ठरवा; पैसा आल्यावर ठरवायला बसलात, तर सभा रात्रभर चालेल.

९. मोजा, आणि मोजून नियम बदला

दरवर्षी एकाच महिन्यात त्याच चौकोनांतील झाडे आणि रोपे मोजा, त्याच खुणेवर उभे राहून त्याच दिशेचा फोटो घ्या, आणि पाणवठा कोणत्या तारखेला आटला ते लिहा. माणसांच्या रकान्यातही तेच करा: सरपणाची फेरी किती तासांची झाली, किती घरे कामासाठी बाहेर गेली, वाटणीतून कोण सुटले. जंगल वाढले पण भूमिहीन घरांची मोळी दोन तासांनी लांबली असेल, तर तो आराखडा चुकतो आहे असे आम्ही मानतो.

पहिल्या वर्षीच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका, कारण पाऊस कमी-जास्त झाला तरी रोपांची संख्या हलते. तीन वर्षांचे आकडे झाले, की नियम एकेक करून ग्रामसभेपुढे ठेवा. आमचा बंद भाग आधी तीन वर्षांसाठी होता; मोजणीत मोहाची रोपे शेळीच्या तोंडाला लागण्याइतकी खुजी दिसली, म्हणून तो पाच वर्षांचा केला, आणि त्या बदल्यात दुसऱ्या भागातील पाला एक महिना आधी खुला केला. असा बदल केल्यावर ठरावाची प्रत शेजारच्या ग्रामसभेला, वनक्षेत्रपालांना आणि प्रांत कार्यालयाला द्या, पोच घ्या, आणि ती पोच फाईलमध्ये जुन्या नियमाच्या पानामागेच लावा, म्हणजे नियम केव्हा आणि का बदलला हे पुढच्या समितीला शोधत बसावे लागणार नाही.